आत्याची सत्तावीस आयुष्यं

जुलैचा तिसरा सोमवार, सकाळी सव्वासात. हजर: प्रथम वर्ष कला, तुकडी अ, बासष्टपैकी एक्कावन्न, मागच्या दाराने आलेले आणखी चार, मी. गैरहजर: डस्टर. त्या वर्षीच्या माझ्या वहीत पहिल्या तासाची नोंद अशीच आहे. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि समोर बसलेल्यांतला सगळ्यात मोठा मुलगा माझ्याहून एका वर्षाने मोठा होता. तो आता मला मुलीच्या शाळेच्या पालकसभेत भेटतो. त्याला टक्कल पडलं आहे, पण मी आत गेले की अजून "मॅडम" म्हणत उठून उभा राहतो आणि बाकीचे पालक मी मुख्याध्यापिका आहे अशा समजुतीने माझ्याकडे तक्रारी सांगायला येतात.

आम्ही शिकवायला लागलो त्यात आमचं कर्तृत्व काही नव्हतं. त्या वर्षी प्रथम वर्षाला 'लेखनकौशल्य' नावाचा नवा विषय आला. विभागात अनुभवी माणसं तीन, आणि तिघांनाही सव्वासातचा तास नको होता. विभागप्रमुख सामंतसरांनी मग त्याच कॉलेजातून बी.ए. होऊन गेलेल्या आणि आता एम.ए. करणाऱ्या दोघांना बोलावलं. एक मी आणि दुसरा जॉन्सन, वसईच्या पश्चिमेचा, केळीच्या वाडीवाला, ज्याच्या पिशवीत पुस्तकं कमी आणि केळी जास्त असायची. सरांनी आम्हाला हजेरीपटाचा नवा कागद दिला, खडूंचं खोकं दिलं आणि म्हणाले, करा सुरू. मी विचारलं, शिकवायचं नक्की काय. सर म्हणाले, लिहायला. एवढं सांगून ते चहाला गेले. सकाळी मी शिकवायची आणि दुपारी मुंबईला जाऊन स्वतः विद्यार्थिनी म्हणून शेवटच्या बाकावर बसायची. सकाळी ज्या चुकांसाठी मी मुलांना रागवायची, त्याच दुपारी माझ्या वहीत प्राध्यापकांना सापडायच्या.

आमचं घर विरार पूर्वेला, मनवेलपाड्यात, पहिल्या मजल्यावर. खाली पिठाची गिरणी होती. सकाळी आठला तिचा पट्टा फिरायला लागला की आमच्या मांडणीवरचे स्टीलचे पेले एका सुरात वाजायचे आणि दुपारी एकला गिरणी थांबली की घर एकदम बहिरं झाल्यासारखं वाटायचं. बाबा मुंबईत कचेरीत, आई अंधेरीच्या पोस्टात. दोघं सातच्या आत बाहेर पडत. घरात राहायची ती आत्या. बाबांची मोठी बहीण. बाबा तिला अक्का म्हणत, आई वन्सं म्हणे. ती निवृत्त होऊन आमच्याकडे आली होती आणि आल्या दिवसापासून आमच्या घरात तिची तीन वाक्यं ऐकू येत: मीठ पुरे आहे का, पाणी गेलं, आणि झोपते मी. दिवसभर ती गॅलरीतल्या आरामखुर्चीत बसे. खुर्चीचं कापड निळ्या पट्ट्यांचं आणि एका हाताला चिकटपट्टीचं बँडेज. पावसाळ्यात मोठ्या काकड्या यायला लागल्या की मात्र ती उठायची आणि धोंडस करायची. काकडी किसून, तांदळाचा रवा आणि गूळ घालून, पातेल्यावर निखारे ठेवून करतात ते. आमच्याकडे निखाऱ्यांऐवजी तव्यावर तवा. वरून तांबूस, आतून ओलं, आणि हळदीच्या पानाचा वास. आई म्हणायची, वन्सं बोलत नाहीत ते सगळं धोंडसात घालतात.

मला पहिल्यापासून याद्या करायची सवय. दप्तराची यादी, वाण्याची यादी, कोणाकडे कोणतं पुस्तक गेलं त्याची यादी. तेव्हा लेखनकौशल्य शिकवायचं म्हटल्यावर मी पहिल्या आठवड्यात काय केलं असेल हे सांगायला नको. बारा नियमांचा एक कागद केला, झेरॉक्स काढल्या आणि प्रत्येकाला वहीच्या पहिल्या पानावर चिकटवायला लावला. पहिलं काम दिलं ते व्यक्तिचित्राचं: आपल्या परिसरातल्या एका वयस्कर व्यक्तीशी बोला आणि लिहा. वीस गुण. त्यात जो नापास होईल त्याचा परीक्षेचा फॉर्म अडणार. नियम पाच: किमान दोन पानं. नियम सात: व्यक्तीचं नाव आणि गाव बदलावं, कोणाचं मन दुखावू नये. नियम नऊ: दुसऱ्याने लिहिलं तसं लिहू नये. नियम अकरा, माझा सगळ्यात लाडका: तीन बारकावे हवेतच, एक दिसणारा, एक ऐकू येणारा, एक खाण्याचा.

जॉन्सनने ब तुकडीला एकच ओळ सांगितली, घरापासून कॉलेजपर्यंत कसे येता ते लिहा. मी त्याला म्हटलं, हे काय काम झालं. तो केळं सोलत म्हणाला, "अगं, मला तपासायचं आहे ना ते."

पहिली वही चार दिवसांत आली, प्रणालीची. ही मुलगी आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. सगळ्या कामांत पहिली आणि बोलण्यात शेवटची. अर्धंच पान होतं. कोणी एक बाई, कुठल्याशा कंपनीत होती, लग्न केलं नाही, भावाकडे राहते, संपलं. मी लाल शाईने लिहिलं, "व्यक्ती जिवंत वाटत नाही. बारकावे कुठे आहेत? दोन पाने हवीत." आणि वही परत दिली. मला वाटलं, बाकीच्यांनाही यातून धडा मिळेल. तो मिळालाच.

एक गोष्ट माझ्या यादीत राहून गेली होती. वयस्कर माणसाशी बोलायचं तर ते घरी सापडायला हवं. आमच्याकडे फुलपाडा काय, मनवेलपाडा काय, बोळिंजच्या नव्या सोसायट्या काय, सकाळी साडेसातला दारांना कुलपं लागायची ती संध्याकाळीच उघडायची. ज्यांच्या आज्या होत्या त्या गावाला होत्या. ज्या इथे होत्या त्यांच्या कडेवर नातवंडं होती आणि त्यांना बोलायला फुरसत नव्हती. मुलं अकराला सुटायची, दोन-तीन दिवस परिसरात हिंडायची आणि कोणाची तरी बंद दारं पाहून परत जायची. मग एकदम, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, एकसष्ट वह्या वेळेवर आल्या. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

त्या वह्या मी कशा तपासल्या ते मी आजवर फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. रविवारचा दिवस होता. आत्या आत पडली होती म्हणून गॅलरीतली खुर्ची रिकामी होती. मी त्या खुर्चीत बसले, मांडीवर वह्या, शेजारी तपासणीचा तक्ता: दिसणारा, ऐकू येणारा, खाण्याचा, पानं, गुण. खाली गिरणी चालू होती, रविवारी ती जास्तच चालते. ताटलीत धोंडसाचे दोन तुकडे. मी वाचत होते: 'त्या निळ्या पट्ट्यांच्या खुर्चीत बसतात', दिसणारा, बरोबर. 'खालून गिरणीचा पट्टा फट्‌फट् वाजत असतो', ऐकू येणारा, बरोबर. 'त्यांनी मला काकडीचा केक दिला', खाण्याचा, बरोबर. एक तुकडा तोंडात, पुढची वही. संध्याकाळपर्यंत एकसष्ट झाल्या. त्यातल्या उत्तम पाच मी काचेच्या फलकावर भित्तिपत्रक म्हणून लावल्या, वर रंगीत अक्षरांत 'माणसं' असं लिहून.

दोन दिवसांनी जॉन्सन मला फलकापाशी घेऊन गेला. तो आमच्याकडे एकदा जेवायला येऊन गेला होता. त्याने बोट ठेवून एक एक वाचून दाखवलं. पहिल्या लेखातली सुमनबाई जहाजावर परिचारिका होती आणि तिने वादळात एका खलाशाचा पाय वाचवला होता. दुसऱ्यातली कुसुमताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती आणि तिने एका मंत्र्याचा फोन मधेच तोडला होता. तिसरी कबड्डीसाठी इंदूरपर्यंत गेलेली. चौथीने सर्कशीच्या तिकीटखिडकीवर सात वर्षं काढलेली. पाचवी स्वतः जीप चालवून औषधं वाटायची.

"पाच गावांतल्या पाच बायका," जॉन्सन म्हणाला, "आणि पाचही जणी गिरणीवर राहतात. पाचही जणी काकडीचा केक देतात. अगं सुजाता, खुर्चीच्या चिकटपट्टीसकट तुझी आत्या आहे ही."

मी काही म्हणायच्या आत मागून सामंतसरांचा आवाज आला. ते कपबशी हातात घेऊन उभे होते आणि बराच वेळ उभे असावेत, कारण कप रिकामा होता. सर रागावले की आवाज आणखी खाली आणायचे. त्यांनी सगळ्या वह्या मागवल्या. दुसऱ्या दिवशी मला सांगण्यात आलं की सत्तावीस वह्यांत ही बाई आहे, सत्तावीस वेगवेगळ्या आयुष्यांसह. ही उघड बनवाबनवी आहे. सत्तावीस जणांना शून्य मिळेल, त्यांचे फॉर्म अडतील आणि अ तुकडी सोमवारपासून जॉन्सन घेईल. माझं काही म्हणणं असेल तर शनिवारी अकरापर्यंत पुराव्यासह मांडावं. मी वर्गात गेले तेव्हा सत्तावीस जण ओळखायला यादीची गरज नव्हती. ते सगळे माना खाली घालून बसले होते. त्यातली निम्मी मुलं घरातून पहिल्यांदाच कॉलेजला आलेली. एकाची आई फॉर्मच्या दिवशी त्याच्यासाठी नवा शर्ट घेणार होती, हे त्याने मला आधीच्याच आठवड्यात सांगितलं होतं.

घरी आले तेव्हा आत्या तांदूळ निवडत होती. मी तिला एका दमात सगळं विचारलं. कोण मुलं आली, कधी आली, किती आली, मला का नाही सांगितलं. ती तांदळातून मान वर न करता म्हणाली, "तुझ्या आईला एवढी चपलांची गर्दी दारात आवडली नसती." मग थोड्या वेळाने म्हणाली की मुलं गुणी होती. चपला पिशवीत घालून आत घ्यायची, पेले धुऊन ठेवायची आणि एक मुलगा तर पंख्याचा आवाजही दुरुस्त करून गेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पंखा तीन आठवडे वाजत नव्हता आणि मी ते कोणत्याच यादीत लिहिलं नव्हतं. रात्री जेवताना बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, अक्का बोलली? सत्तावीस जणांशी? आईने आमटी वाढता वाढता थांबून विचारलं, "वन्सं, जीप कुठली हो?" आत्या म्हणाली, मीठ पुरे आहे का.

मी तिला म्हटलं, शनिवारी माझ्याबरोबर कॉलेजला चल आणि सरांना सांग की हे मुलांनी बनवलेलं नाही, तू सांगितलेलं आहे. तुला खोटं बोलणारी म्हणतील, ते ऐकून घ्यायला लागेल. आत्याने विचार केला आणि धोंडसासाठी काकडी आणायला सांगितली.

शनिवारी ती रोजची साडी नाही, तिच्या कंपनीच्या निरोपसमारंभाची साडी नेसून आली. हातात डबा. सरांच्या खोलीबाहेर सत्तावीस मुलं भिंतीला लागून उभी होती. तिला पाहिल्यावर सगळी एकदम "आजी" म्हणाली, आणि ती प्रत्येकाशी नावाने बोलली. कोणाचा खोकला गेला का, कोणाची बहीण परत आली का. मला महिनाभरात त्यातली नऊ नावं पाठ झाली होती.

सरांनी तिला बसायला सांगितलं. वह्यांचा गठ्ठा मधे होता, जॉन्सन दाराशी उभा होता. सर म्हणाले, ताई, मला एवढंच सांगा, यातलं खरं कोणतं.

"तुम्ही सगळं वाचलंत?" आत्याने विचारलं.

"सत्तावीसही."

"मग तुम्हाला कुठलं आवडलं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, जॉन्सनकडे पाहिलं आणि म्हणाले, "जहाजावरचं."

"मलाही तेच आवडतं," आत्या म्हणाली. "पण त्यातलं खरं काही नाही. सर, पोरांना काही करू नका. मी बोलले ते त्यांनी लिहिलं. एकही शब्द मनाचा घातलेला नाही, मी वाचून घेतलंय प्रत्येकाकडून. शून्य द्यायचं तर मला द्या."

सर म्हणाले, पण का. सत्तावीस का.

आत्याने गठ्ठ्यातून एक वही बरोबर काढली. प्रणालीची. "पहिली ही आली. हिला खरं होतं ते सांगितलं. एकतीस वर्षं गोळ्यांच्या बाटल्यांत कापूस भरला. लग्न केलं नाही. भावाकडे असते. पोरीने लिहिलं, तर अर्धं पान झालं. चार दिवसांनी रडत परत आली. तांबड्या शाईत लिहिलेलं होतं, व्यक्ती जिवंत वाटत नाही." ती माझ्याकडे वळलीही नाही. "मी दोनदा वाचलं. अक्षर आमच्या घरातलंच. म्हटलं, खरंच असेल. दोन पानांएवढी माझ्याकडे नाहीच गोष्ट. मग हिला टेलिफोन दिला. दुसरी दोघं आली, त्यांच्या कागदावर लिहिलेलं, दुसऱ्यासारखं नको. म्हणून त्यांना वेगळं दिलं. पुढे जो येईल त्याला वेगळं. नियम मी नाही केले."

 मला त्या दिवशी जमिनीवरच्या फरशांची संख्या पाठ झाली. आडव्या अकरा, उभ्या चौदा. जॉन्सनने शेवटी, काहीतरी करायला हवं म्हणून, डब्याचं झाकण उघडलं. हळदीच्या पानाचा वास आला. सरांनी एक तुकडा घेतला, खाल्ला, दुसरा घेतला आणि म्हणाले, "काकडीचं आहे हे खरं वाटत नाही." आत्या म्हणाली, हे मात्र खरं आहे, हवं तर किसणी आणून दाखवते.

सरांचा निकाल असा लागला. मुलांनी ऐकलं तेच लिहिलं, त्यामुळे गुण राहतील. तुकडी माझ्याकडेच राहील, पण बारा नियमांचा कागद प्रत्येक वहीतून काढला जाईल. तो मुलांनी इतक्या आनंदाने फाडला की वह्यांची पहिली पानंही निघाली. आणि एक अट. विभागाच्या फाइलमध्ये सत्तावीस खोट्या बायका जाणार असतील तर वर एक खरी हवी. "सुजाता," सर म्हणाले, "दोन पानं. तुमच्या आत्याबाईंवर. खरी. तुम्ही लिहायची. मग मी सही करतो." मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत देते.

शुक्रवारी माझा स्वतःचा शोधनिबंध द्यायचा होता. पुढच्या शुक्रवारी ट्युटोरियल होतं. फॉर्मची तारीख आली तेव्हा सरांनी सही करून टाकली आणि फाइलवर त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं, 'मूळ लेख येणे बाकी'. सत्तावीसही जण परीक्षेला बसले. मार्चपर्यंत मी ती तुकडी शिकवली. नंतरचा धडा म्हणून फक्त घरापासून कॉलेजपर्यंतचा रस्ता लिहायला सांगितला, जॉन्सनची परवानगी घेऊन. मुलं दुपारी आमच्या घरी येतच राहिली. आता चपला दारात असायच्या, आणि आई पोस्टातून आल्यावर त्या मोजून किती भात लावायचा ते ठरवायची.

आता मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. मुलांना लिहायला शिकवणं तेव्हाच सोडलं. एका सहकारी संस्थेत व्यवस्थापक आहे आणि तिथे माझ्या याद्यांवाचून पान हलत नाही. सर मागच्या दिवाळीत बोळिंजला भाजी घेताना भेटले. त्यांना माझं नाव पटकन आठवलं नाही, पण म्हणाले, "ते दोन पानांचं आलं का?" आत्या सत्त्याऐंशीची आहे आणि आता माझ्याकडेच असते. माझी मुलगी, माझा नवरा, शेजारची मुलं, सगळ्यांना ती काही ना काही सांगत असते. मला नाही. मी विचारलं नाही हे कारण आहे, आणि ते मी बाकी कोणावर ढकलू शकत नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी मात्र मी खरंच बसले. नवी वही, दोन पेनं, फोन बंद. म्हटलं, आत्या, सांग, पहिल्यापासून. कंपनीचं सांग, कापसाचं सांग. तिने चष्मा लावला, जणू लिहायचं तिलाच आहे, आणि विचारलं, "किती पानं हवीत?"

मी म्हटलं, असतील तेवढी.

तिने वहीची कोरी पानं अंगठ्याने सरकवून पाहिली. मग म्हणाली, "तेवढ्याला वेळ लागेल गो. आज तुझं काय काय आहे?"

मी वाचून दाखवलं. गॅसवाला, इस्त्री, सोसायटीची बैठक, मुलीच्या प्रकल्पाचे कागद, बँकेतला अर्ज, दळण, संध्याकाळी पाहुणे. तिने चष्मा काढून मिटून ठेवला.

"मग हे आधी उरक," ती म्हणाली.

उरकलं. त्या दिवशीच्या यादीत आठ कामं आहेत, सातांवर खूण आहे.